लाल तोंडांची पालकसभा

ब्रश ओला करायचा, पेस्टचा एक थेंब जिभेच्या टोकाला लावायचा, नळ जरा वेळ सोडून ठेवायचा आणि मधूनमधून घशातून खळखळ आवाज काढायचा. खारूताईचं दात घासणं ते एवढंच. पाचवीत असताना एका थंडीच्या सकाळी तिने हा शोध लावला, आणि नववीत आली तरी तो कोणाला कळला नव्हता. रोज एवढं नाटक करण्यापेक्षा दात घासून टाकले असते तर कमी वेळ लागला असता, असं तुमच्या-माझ्या मनात येईल. पण आळस फार कष्टाळू असतो, त्याला कोण काय सांगणार.

खारूताई हे तिचं शाळेतलं नाव. पुढचे दोन दात मोठे, पांढरे, ओठांबाहेर डोकावणारे, म्हणून वर्गाने ठेवलेलं. याच दोन दातांवर भाळून शाळेने तिला दंतप्रमुख केलं होतं. रोज सकाळी ती वर्गाच्या रांगेपुढून फिरायची आणि म्हणायची, "ई करा." मग एकेक जण ओठ फाकवून "ईऽऽ" करायचा. ती कोणाला पुढे सोडायची, कोणाला "काल चॉकलेट खाऊन तसाच झोपलास, जा, चूळ भरून ये" म्हणून बाजूला काढायची. दंतप्रमुखाचेच दात कोणी तपासावेत, अशी पद्धत शाळेत नव्हती. मोठ्या माणसांच्या जगातही ती फारशी नसते, त्यामुळे शाळेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

घरात दोघीच, ती आणि आई. आई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. दिवसभर वाफेत उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात कपडे देता देता सांगायची, "आमची दंतप्रमुख आहे. सांगावं लागत नाही तिला. स्वतःहून जाते, नळाचा आवाज तर किती वेळ येतो." हे कानावर पडलं की खारूताई तिथून काढता पाय घ्यायची. शाळेत पितळ उघडं पडलं तर एक वेळ चाललं असतं, पण आईला कळता कामा नये, एवढीच तिची जिवाची भीती होती.

आणि मग पालकसभेच्या आदल्या दिवशी शिट्टी सरांनी ती गोळी दाखवली.

शिट्टी सर म्हणजे खेळाचे सर. गळ्यात शिट्टी नसलेले सर कोणी पाहिले नव्हते. शाळेत दंत-आरोग्याचा आठवडा चालू होता आणि तो त्यांच्या गळ्यात पडला होता, शिट्टीशेजारी. त्यांनी चिमटीत धरलेली गोळी सुकलेल्या रक्ताच्या रंगाची होती.

"ही चावायची, जिभेने सगळ्या दातांना फासायची," सर म्हणाले. "जिथे थर साचलाय तिथे लाल रंग बसतो. चूळ भरली तरी जात नाही. घासूनच काढावा लागतो. थापा मारायची सोय नाही."

"आणि नसेल साचला तर?" कोणीतरी विचारलं.

"तर दात पांढरेच. उद्या डॉक्टरबाई येतायत, पालकसभेत सगळ्यांना द्यायची आहे. पहिल्यांदा दंतप्रमुख, स्टेजवर, पालकांसमोर. डॉक्टरबाईंचा तसा निरोप आहे." सरांनी खारूताईकडे पाहिलं. "तुला काय काळजी. जा, हा डबा माझ्या खोलीत ठेवून ये."

खारूताईच्या तोंडचं पाणी पळालं. डबा तिने नेऊन ठेवला खरा, पण ठेवताना त्यातली एक गोळी तिच्या मुठीत राहिली.

संध्याकाळी आई दुकानातून यायच्या आत तिने न्हाणीघराची कडी लावली. बल्ब मिणमिणता, आरसा तळहाताएवढा. तिने गोळी चावली, चूळ भरली, आरशात पाहिलं आणि मागे सरकली. आरशातलं तोंड तिचं नव्हतं. हिरड्यांच्या कडेने, दातादातांच्या फटींतून लाल रंग असा दाटला होता, की आत्ताच काहीतरी कच्चं फाडून खाल्लंय असं वाटावं. ते दोन शहाणे पुढचे दातही मुळाशी लालभडक होते. तिने तोंड मिटलं, तरी ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आला.

मग तिने चार वर्षांत पहिल्यांदा दात घासले. घासत सुटली. पुढून, मागून, आतून, गालांच्या पोटात ब्रश खुपसून. बेसिनमधून लाल पाणी गोल फिरत नळीत जात राहिलं. किती वेळ गेला कळलं नाही, पण बाहेर आईच्या चपला वाजल्या.

"कधीची आत आहेस ग?"

"दात घासतेय."

"संध्याकाळचे?"

"उद्या कार्यक्रम आहे ना."

दाराखालच्या फटीत आईची सावली जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग निघून गेली.

पुढचे दात पांढरे झाले. मागचे मात्र त्या आरशात दिसेनात. बोट फिरवलं तर बोट लाल, जीभ लाल, गाल आतून लाल. रंग दाताचा की जिभेचा हे कळायला मार्ग नव्हता. एवढ्या वर्षांची घाण एका संध्याकाळीत कशी जाईल, या विचाराने तिला झोप लागली नाही, आणि सकाळपर्यंत तिने ठरवून टाकलं. गोळ्याच नसतील तर कोण काय चावणार?

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं ते दुपार झाली तरी हटेना. त्यात वीज गेली. शाळेच्या लांब व्हरांड्यात भिंतीवर जागोजागी फिकट चौकोन होते. तिथे पूर्वी आरसे होते. पोरंपोरी तिथे तासन् तास भांग पाडतात म्हणून मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, शाळेतले सगळे आरसे उतरवून टाकले होते. खारूताई त्या चौकोनांसमोरून अंग चोरून गेली. आपलं तोंड न दाखवणारी भिंतही तिला आज बघत असल्यासारखी वाटत होती.

शिट्टी सरांच्या खोलीत टेबलावर तो मोठा जबडा ठेवलेला होता. मुलांना ब्रश कसा फिरवायचा ते शिकवण्यासाठी आणलेला प्लॅस्टरचा जबडा, उशीएवढा. त्याची बिजागरी सैल होती. खारूताईने डबा उचलला तसा तो क्याँऽऽ करून सावकाश उघडला. ती जागच्या जागी गोठली. जबडाही तसाच उघडा राहिला, काहीतरी मागत असल्यासारखा.

तेवढ्यात व्हरांड्यातून शिट्टीची दोरी बटणावर आपटल्याचा आवाज आला. सर येत होते. खारूताई मागच्या दाराने पळाली. ते दार स्टेजच्या मागे उघडायचं. तिथल्या अंधारात पाण्याने भरलेलं एक झाकणाचं मोठं पिंप होतं. झाकण उचललं, डबा उपडा केला, गोळ्या बुडबुडे सोडत तळाला गेल्या. रिकामा डबा मात्र हातात राहिला. सर खोलीतून फळा घेऊन परत गेल्याचं ऐकल्यावर ती आत शिरली आणि तो डबा तिने त्या उघड्या जबड्यातच कोंबला. जबडा मिटला. निदान त्याचं तरी समाधान झालं.

ती पुन्हा स्टेजमागे आली तर पिंपाजवळ शिपाईमामा उभे, एका हातात साखरेची पिशवी आणि दुसऱ्या हातात पळा.

"मामा, हे पाणी कशाचं?"

"सरबताचं. पालकांसाठी."

खारूताईला घेरीच यायची राहिली. "कसलं सरबत?"

"लाल. मोठ्या बाईंना लालच लागतं. पांढरं दिलं तर पाहुण्यांना काही दिल्यासारखं दिसत नाही म्हणतात." मामांनी रंगाची बाटली उपडी केली.

आता खरं सांगायचं तर आईपर्यंत जाणार. खारूताईने घाईघाईत जे सुचलं ते सांगितलं. "मामा, हे ओतून द्या. यात पाल पडलीय."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी पळा आत घातला आणि पालीचा शोध सुरू केला. तळापासून ढवळलं, कडेने ढवळलं, उजवीकडून आणि डावीकडून ढवळलं. एरवी चार वेळा पळा फिरवून मोकळे होणारे मामा घाम फुटेपर्यंत ढवळत राहिले. गोळीचा कण शिल्लक राहिला नाही.

"नाहीय पाल," ते शेवटी धापा टाकत म्हणाले. "तुला भास झाला. आणि हे बघ, हे कुठे बोलायचं नाही. माझी नोकरी जाईल."

खारूताई मूग गिळून गप्प बसली. सरबत मात्र झकास लाल झालं होतं.

सभागृह पालकांनी भरलं. विजेचा पत्ता नव्हता. खिडक्यांच्या काचांना बाहेरून धुकं चिकटलं होतं आणि स्टेजवर मोठ्या बाईंच्या पायाशी एक बॅटरीचा दिवा ठेवला होता. त्याचा उजेड खालून वर जायचा, त्यामुळे बाईंची हनुवटी आणि तोंड तेवढं दिसायचं, डोळ्यांच्या जागी काळोख. डॉक्टरबाई धुक्यात कुठेतरी अडकल्या होत्या. तोवर सरबत द्या, असा हुकूम झाला.

"दातांच्या कार्यक्रमाला साखरेचं सरबत?" शिट्टी सर म्हणाले. "बाई, मी कालपासून सांगतोय. मी हात लावणार नाही."

"नका लावू. पण पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नका," मोठ्या बाईंनी सुनावलं आणि स्वतः ग्लास रिकामा केला.

खारूताईने गर्दीतून आईला गाठलं. "आई, सरबत पिऊ नकोस."

"का ग?"

"गोड आहे."

"सरबत गोडच असतं," आई म्हणाली आणि प्याली. दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या माणसाला घशाची कोरड असतेच. तिने दुसरा ग्लासही मागून घेतला.

मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. "दात हा माणसाचा आरसा आहे," त्यांनी सुरुवात केली आणि प्रेमाने हसल्या. पहिल्या रांगेतले बँकेतले गृहस्थ खुर्चीत ताठ झाले. दिव्याच्या उजेडात बाईंच्या दातांच्या कडा लाल दिसत होत्या, आणि त्या जसजशा रंगून बोलत होत्या तसतशा जास्तच दिसत होत्या. बँकवाल्यांनी शेजारच्या गृहस्थांच्या कानाशी लागून विचारलं, "बाईंना बरं नाही का? तोंडातून रक्त येतंय."

शेजारी वळले. "हो ना, मीही तेच बघतोय," ते म्हणाले, आणि त्यांचंही तोंड आतून लालभडक होतं. बँकवाल्यांनी आपली खुर्ची हळूच पलीकडे सरकवली. शेजाऱ्यांनीही बँकवाल्यांच्या तोंडात काय ते पाहिलं होतं, त्यांनी आपली खुर्ची दुसऱ्या बाजूला सरकवली.

हे एका रांगेत झालं, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. सगळीकडून खुर्च्यांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज येत राहिला. बघता बघता त्या खचाखच भरलेल्या सभागृहात प्रत्येक माणूस एकटा बसला. सरबताने जीभ रंगते, पण दातांच्या फटींतून असं रक्त दाटत नाही. आपलं तोंड आपल्याला दिसत नाही, आणि दाखवायला शाळेत एक आरसा नाही. जो तो मनाशी म्हणत होता, की या सगळ्यांना काहीतरी झालंय, आपणच तेवढे राहिलोय. कोणाकडे बघायची सोय राहिली नाही. कोणी खोकलं तरी बाकीचे दचकत.

तुम्ही म्हणाल, पळाले का नाहीत? काही सटकलेच, भिंतीला चिकटून, मुलांचे हात घट्ट धरून. पण बाकीच्यांना प्रगतिपुस्तकं घ्यायची होती आणि ती शेवटी मिळणार होती. भुताखेतांची भीती एकीकडे आणि गणिताचे मार्क एकीकडे. माणसं बसून राहिली आणि शिस्तीत घाबरली.

खारूताई कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. काय झालंय ते साऱ्या सभागृहात तिला एकटीला माहीत होतं, तरी तिचीच बोबडी सर्वांत जास्त वळली होती. आईने लांबून तिच्याकडे बघून हात केला आणि हसली. ते हसणं बघून खारूताईने डोळे मिटून घेतले.

"आता आपण बघू, ब्रश कसा फिरवायचा," मोठ्या बाई म्हणाल्या. टेबलावर तो मोठा जबडा आणून ठेवला होता. बाईंनी त्याला बोट लावलं मात्र, क्याँऽऽ करून तो उघडला आणि त्याने तोंडातून काहीतरी बाहेर टाकलं. ते टेबलावरून गडगडत दिव्यासमोर येऊन पडलं. एक बाई ओरडली. मोठ्या बाईंनी वाकून उचललं.

"गोळ्यांचा डबा," त्या म्हणाल्या. "रिकामा."

त्याच क्षणी मागचं दार उघडलं. धुक्याचा एक लोट आत आला आणि त्यामागून टॉर्चचा झोत. झोत रांगांवरून सावकाश फिरला. ज्याच्या तोंडावर पडेल तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, आणि ते लाल तोंड बघून शेजारी अंग आकसायचे. फिरता फिरता झोत थांबला. टॉर्चमागून हसण्याचा आवाज आला. त्या शांततेत तो फारच भेसूर वाटला, पण हसणाऱ्या होत्या डॉक्टरबाई.

"ही तर माझी गोळी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सगळ्या सभेला कोणी पाजली? अहो, घाबरू नका. काही अपाय नाही. दातांवर थर असेल तिथे रंग बसलाय, एवढंच."

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला, आणि सगळ्यांचे रुमाल, पदर, ओढण्या एकदम तोंडावर गेल्या. भूत परवडलं, पण आपलं तोंड चारचौघांत असं दिसलं ही गोष्ट फारच वाईट होती.

"म्हणजे माझंही?" मोठ्या बाईंनी रुमालाआडून विचारलं.

डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून बघितलं. "तुमचं जरा जास्तच आहे."

मोठ्या बाईंचा पारा चढला. "हे ज्याने केलं त्याला सरबतात काय आहे ते ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो स्वतः प्यालेला नसणार. दारं लावा. कोणी जायचं नाही. सगळ्यांनी ई करा."

खारूताईने सरबताला तोंड लावलं नव्हतं. टॉर्च पहिल्या रांगेतून निघाला तशी ती पडद्याआड शिरली, पिंपात पळा बुडवला आणि गटागटा प्याली. पुन्हा भरला, तोंडात खळबळवला, पुन्हा प्याली. आता आपणही सगळ्यांसारखेच लाल. ओठ पुसून ती कोपऱ्यात येऊन उभी राहिली.

धुकट अंधारात "ईऽऽ" चा आवाज रांगेरांगेने जवळ येत होता. शेकड्यांनी लाल दात, आणि त्यावरून फिरणारा तो एक झोत. झोत शिट्टी सरांच्या तोंडावर आला आणि थबकला. जीभ गुलाबी, ओठ कोरडे, कुठे लाल ठिपका नाही.

"सर," मोठ्या बाई खर्जात म्हणाल्या, "डबा तुमच्या खोलीत होता. जबडा तुमचा. सरबत नको म्हणून कालपासून तुम्हीच हटून बसला होतात. आणि प्यालेले नाहीत ते तुम्ही एकटे."

"अहो बाई, मी सरबत घेतच नाही."

"आज का घेतलं नाहीत ते कळलं. ती शिट्टी काढून टेबलावर ठेवा. उद्यापासून यायची गरज नाही."

सरांनी दोन्ही हातांनी शिट्टी गळ्यातून काढली. ती काढल्यावर ते वेगळेच कोणीतरी दिसू लागले, एकदम म्हातारे. ते नुसते टेबलाकडे बघत राहिले. खारूताईला भडभडून आलं.

इतक्यात झोत तिच्या तोंडावर पडला. "ई कर," डॉक्टरबाई म्हणाल्या. तिने केलं. जीभ लाल, ओठ लाल, गाल आतून लाल. आणि दात? पुढचे, मागचे, वरचे, खालचे, धुतलेल्या बशीसारखे पांढरे. डॉक्टरबाईंनी तिची हनुवटी धरून पुन्हा पुन्हा पाहिलं.

"प्यालीय ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण थरच नाही. कुठेच नाही. अख्ख्या सभागृहात एवढं एकच तोंड स्वच्छ आहे."

त्यांनी तिला स्टेजवर नेलं. टाळ्या सुरू झाल्या. रुमाल धरायचा की टाळ्या वाजवायच्या हे अनेकांना कळेना, म्हणून त्या जरा एकहाती वाजल्या. आई उभी राहिली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खारूताईला जन्मात जेवढं हवं होतं तेवढं सगळं मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. टेबलावर शिट्टी पडली होती आणि सर दाराकडे निघाले होते.

"सरांनी नाही केलं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी केलं. गोळ्या मीच पिंपात टाकल्या. मी दात घासत नाही. चार वर्षं घासलेले नाहीत. सगळ्यांसमोर दिसलं असतं म्हणून टाकल्या."

टाळ्या थांबल्या. सभागृह तिच्या त्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे बघत राहिलं. मग कुठूनतरी हुंदका ऐकू आला. तो मोठ्या बाईंचा होता.

"काय ही माया," त्या म्हणाल्या. "सरांना वाचवण्यासाठी पोर स्वतःवर आळ घेतेय."

"खरं सांगतेय मी, बाई. डबा मीच जबड्यात ठेवला."

"पुरे, बाळ. हे दात खोटं बोलतील का?" बाईंनी तिला पोटाशी धरलं. "सर, या मुलीकडे बघून मी तुम्हाला माफ करते. घाला ती शिट्टी."

सरांनी शिट्टी घातली. न केलेल्या गुन्ह्याची माफी परत कशी करायची, हे त्यांना सुचलं नाही. जाताना त्यांनी खारूताईकडे एकदा नीट पाहिलं, आणि ती नजर तिला फार लागली. नोकरी वाचली होती, पण उद्यापासून सगळी शाळा त्यांच्याकडे सरबतवाला म्हणूनच बघणार होती.

मायलेकी घरी निघाल्या तेव्हा धुक्यात दिवे लागले होते. वीज आली होती. सभेतून आधीच सटकलेल्यांना डॉक्टरबाईंचं बोलणं ठाऊक नव्हतं. रस्त्याने जाताना एका घरात दिवा लागला आणि जरा वेळाने आतून किंकाळी आली. पुढच्या वळणावर दुसरी. मग पलीकडच्या माडीवरून तिसरी, पुरुषी आवाजातली. लोक घरी पोहोचून आरशात बघत होते. आई गप्प चालत होती. खारूताईला त्या किंकाळ्यांपेक्षा आईच्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटत होती.

घरात आल्यावर आईने चपला काढल्या आणि म्हणाली, "तुझा ब्रश आण."

खारूताईने आणला. आईने तो बल्बखाली धरला.

"हा तुला पाचवीत घेतला होता. तेवढ्या काळात माझे ब्रश किती झिजून गेले, मोजले नाहीत मी. याचा परवापर्यंत एक केस वाकला नव्हता. काल एका संध्याकाळीत बघ, पार विस्कटलाय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"डॉक्टरबाईंचे कोट माझ्याकडेच येतात इस्त्रीला. त्यांना म्हटलं, बाई, ओरडून काही व्हायचं नाही, पोरगी हट्टी आहे. तिचं तिलाच दिसेल असं काहीतरी द्या. त्या म्हणाल्या, गोळी आहे. मी म्हटलं, मग दंतप्रमुखांपासूनच सुरू करा. आठवडाभर आधी सांगायला सांगितलं होतं, म्हणजे घाबरून घासायला लागशील. तुझे सर आदल्या दिवशी सांगतील हे मला काय ठाऊक." आई हसली. सगळं लाल तोंड बल्बखाली उघडलं आणि खारूताई नकळत भिंतीला टेकली. "आणि सगळ्या गावाला पाजशील, हेही वाटलं नव्हतं."

"मग टाळ्यांच्या वेळी रडलीस कशाला?"

"दात खरोखरच पांढरे होते ग," आई म्हणाली. "आणि मग तू खरं बोललीस. तुझं कोणाला पटलं नाही, माझं पटेल. उद्या दोघी जाऊ. मोठ्या बाईंना हा ब्रश दाखवू. आधी सरांना."

खारूताईने मान हलवली. तिला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. आई तोंड धुवायला बेसिनपाशी गेली आणि त्या तळहाताएवढ्या आरशासमोर उभी राहिली. सरबत प्याल्यापासून तिने आरसा पाहिला नव्हता. तिने ओठ फाकवून ई केलं.

"माझे तर ब्रश झिजतात ग," ती म्हणाली.

"तू नुसते पुढचेच घासतेस. मागे ब्रश जातच नाही तुझा."

"तुला कसं कळलं?"

"काल घासताना कळलं. गालात असा तिरका घालायला लागतो."

आईने आपला ब्रश घेतला, त्याच्यावर पेस्ट लावली आणि बाजूला सरकून आरशासमोर जागा केली.

"उभी राहा इथे," ती म्हणाली. "आणि दाखव."